हुंगलेला सिलिंडर

नाकाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण खाऱ्या वाऱ्याने ती पाटी इतकी खाल्ली होती, की आता तिच्यावर एक वेलांटी आणि रंगवलेल्या पाणबुड्याचा एक पाय एवढंच उरलं होतं. धक्क्यावरच्या बोटवाल्यांनी कधीतरी थट्टेने त्यांना नाकाडे म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बँकेत नवा आलेला कारकूनसुद्धा एकदा 'बसा, नाकाडेसाहेब' म्हणाला. नाकाड्यांनी त्याची चूक सुधारली नाही. माणसाला कामावरून नाव पडावं यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, उलट आतून थोडं बरंच वाटत होतं.

काम म्हणाल तर हवा विकायचं. त्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक जुनं जहाज बुडालेलं होतं आणि त्याच्या अंगाखांद्यावर प्रवाळ वाढलं होतं. ते बघायला देशोदेशीचे लोक यायचे. पाठीवर सिलिंडर बांधायचा, त्याची नळी तोंडात धरायची आणि खाली जायचं. तो सिलिंडर भरून देणं हा नाकाड्यांचा धंदा. पुढच्या खोलीत भाड्याने द्यायचं सामान होतं. खिळ्यांना टांगलेले काचेचे मास्क, पायात घालायचे, जोडीजोडीने बांधलेले रबरी फिन, दोरीवर वाळत टाकलेले काळे सूट. मागच्या खोलीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, आणि त्याची नळी छपरातून वर गेलेली. वरची हवा ओढायची आणि सिलिंडरात कोंबायची. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी हसत हसत विचारलं होतं, "म्हणजे जी फुकट मिळते तीच तुम्ही विकता?" नाकाडे म्हणाले, "हो. खाली गेल्यावर मागून बघा फुकट." व्याही त्यानंतर जपून बोलायला लागले.

परक्या मुलखात पाण्याखाली जायची हौस असलेल्या माणसाची एक अडचण असते. मास्क तो घरून आणतो, फिन आणतो, तोंडात धरायची नळीही जिवापाड जपत पिशवीत घालून आणतो. पण भरलेला सिलिंडर काही कुणी विमानात घेऊ देत नाही. म्हणजे कितीही मोठा शौकीन असला तरी शेवटी त्याला अनोळखी गावात, अनोळखी माणसाच्या हातची हवा घ्यावीच लागते. मग तो धक्क्यावर उतरतो आणि फोन काढतो. फोन त्याला सरळ हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात नेतो. तिथे काचेची दारं, गार हवा, भिंतीवर पडदा आणि त्या पडद्यावर मासे. नाकाड्यांचं दुकान मागच्या बोळात. ते फोनला सापडायचं, पण समोरच्या इस्त्रीवाल्याच्या जागी. त्यामुळे खांद्यावर फिन टाकलेले गोरे, काळे, पिवळे लोक इस्त्रीवाल्यासमोर येऊन उभे राहायचे आणि तो मान वर न करता गरम इस्त्रीनेच समोर दाखवायचा. या गावात इस्त्रीवाल्याइतके परदेशी पाहुणे कुणाकडे येत नसतील.

तरीही माणसं शोधत यायची, आणि त्याचं कारण नाक.

नाकाडे सिलिंडर भरला की त्याची चावी एक केसभर उघडत. सुस्कारा टाकल्यासारखी हवा यायची. ती तळहातावर घेत, डोळे मिटत आणि हुंगत. पुन्हा एकदा हुंगत. मगच खिशातला खडू काढून सिलिंडरच्या गळ्याशी एक गोल काढत. वरच्या नळीपाशी कुणी ट्रकचं इंजिन चालू ठेवलं, कुणी कचरा पेटवला, यंत्राचं तेल तापून हवेत उतरलं, तर ते सगळं सिलिंडरात जातं. वर अशी हवा एखादवेळी खपून जाते, पण खोल पाण्यात तीच विष होते. माणसाला गुंगी येते आणि तो हसत हसत तोंडातली नळी सोडून देतो. चांगल्या हवेला वास नसतो. अजिबात नसतो. नाकाड्यांचं सगळं कसब म्हणजे काहीही न सापडण्याची खात्री करणं. एकदा त्यांनी हुंगता हुंगता सांगितलं, "कुणीतरी दार रंगवतंय." पलीकडच्या गच्चीवर खरोखरच एक बाई कपाटाला रंग देत होती. त्यांनी त्या दिवशीची सगळी भरलेली हवा सोडून दिली. ती गोष्ट बोटवाल्यांनी इतक्यांदा सांगितली, की शेवटी कपाटाचा राजवाडा झाला.

गावात तेव्हापासून तो शब्दच पडला. बोटवाला सिलिंडर उचलण्याआधी विचारायचा, "हुंगलाय का?" खडूचा गोल नसला तर उचलायचा नाही. पुढे पुढे लोक जुनी मोटारसायकल घेतानाही विचारायला लागले, हुंगलीय का. मुलीसाठी स्थळ आलं तर मावशी म्हणायची, मुलगा हुंगलाय ना कुणी?

आणि मग तो ताप आला. त्या वर्षी गावात घरोघरी आला होता. नाकाडे आठवडाभर अंथरुणात होते. बायकोलाही आला होता, पण तिने तो नेहमीसारखा उभ्या उभ्या काढला. ताप उतरल्यावर नाकाडे मागच्या खोलीत गेले, एक सिलिंडर भरला, हुंगला. स्वच्छ. दुसरा भरला. तोही स्वच्छ. तिसराही स्वच्छ. इतकी स्वच्छ हवा त्यांनी जन्मात हुंगली नव्हती. त्यांनी कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उघडून नाकाखाली धरला. काही नाही. तेलाचं फडकं धरलं. काही नाही. स्वतःचा शर्ट धरला, जो बायकोच्या मते बाहेरूनच ओळखू यायचा. त्यालाही काही नाही.

बायको आत आली तेव्हा ते जमिनीवर बसले होते, डबा मांडीवर घेऊन.

"अगं, हे रॉकेलच आहे ना?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्याजवळ खाली बसली. डब्याकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डबा हातात घेऊन तिने हुंगला आणि म्हणाली, "हो. भसकन आला वास. तुम्हाला येत नाहीये?"

"नाही."

"मग मला येतोय ना," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, कुणाचा परत येतो, कुणाचा येत नाही, वाट बघायची. नाकाड्यांनी वाट बघितली. वासाबरोबर चवही गेली होती, त्यामुळे जेवण म्हणजे नुसतं चावायचं काम उरलं. पण त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते हातात खडू धरून बसण्याचं. ज्याचं नाक गेलं त्याला जगातली सगळीच हवा चांगली. मोठ्या दुकानात हवा तपासायचं यंत्र होतं, त्यावर आकडे यायचे. तसं एक आणायचं, तर गावाला सांगावं लागलं असतं की का. बोटवाल्यांसमोर आपलं नाक आपल्याच हाताने कापून घ्यायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. म्हणून बायकोने जे सुचवलं त्याला त्यांनी मान डोलावली. मागच्या खोलीच्या दाराला पडदा लावला. ते भरत, ती हुंगत असे. अगदी त्यांच्यासारखीच, डोळे मिटून, दोनदा. मग म्हणायची, "काही नाही." ते खडूने गोल काढत आणि सिलिंडर बाहेर आणत.

वर्षभर हे चाललं. वर्षभरात तिने एकही सिलिंडर नापास केला नाही. नाकाड्यांना वाटलं, आपण कॉम्प्रेसरच्या गाळणीतला कोळसा वेळेवर बदलतो त्याचं हे फळ. मध्ये एकदा एक परदेशी तरुण वर आल्यावर बोटीतच ओकला, डोकं धरून बसला. बोटवाला सांगायला आला, तर नाकाडे त्याच्यावर असे काही भडकले की विचारू नका. "ऊन लागलं असेल! रात्रीची उतरली नसेल! हुंगलेला सिलिंडर होता तो!" बोटवाला निघून गेला. बायको पडद्यामागून बाहेर आली नाही.

मग लेकीचं बाळंतपण आलं. लेक दुसऱ्या गावी, जवळ दुसरं कुणी नाही, जायलाच हवं होतं. निघण्याआधी बायकोने भरून ठेवलेले दोन सिलिंडर हुंगले आणि नाकाड्यांनी त्यांच्यावर गोल काढले. बाकीचे रिकामे होते. "मी येईपर्यंत भरू नका," ती म्हणाली. "मशीन बिघडलंय म्हणून सांगा."

"तेवढं कळतं मला," नाकाडे म्हणाले.

पिशवी उचलून ती दारात पुन्हा थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं. नाकाडे म्हणाले, "गॅस बंद करीन, नळ बंद करीन, दार लावीन. जा आता, गाडी चुकेल." ती गेली.

त्यानंतरचे दिवस नाकाड्यांनी मास्क पुसत काढले. कुणी हवा मागायला आलं की ते मशीनकडे बोट दाखवत आणि मान हलवत. बोटवाले धक्क्यावरून हाक मारत, "काय नाकाडे, हवा गुल?" ते हसत. दुकानात एकटं बसलं की वाटायचं, हे असंच असणार आता. बायको आहे तोवर तिचं नाक, आणि तिच्यानंतर काही नाही. नवं शिकायचं वय राहिलं नव्हतं आणि जुनं होतं ते एका तापात वाहून गेलं होतं. संध्याकाळी ते उगाच रॉकेलचा डबा उघडून बघायचे. नसता नाद. पण सुटत नव्हता.

एका सकाळी इस्त्रीवाला इस्त्री खाली ठेवून स्वतः बोळ ओलांडून आला. त्याच्यामागे एक म्हातारं परदेशी जोडपं होतं. बाई उंच, केस पांढरे, आणि नवऱ्याच्या गुडघ्याला पट्टा. "कधीचे फिरतायत," इस्त्रीवाला म्हणाला. "नाव माहीत नाही म्हणतात. नुसतं हे करून दाखवतात." आणि त्याने तळहात नाकापाशी नेऊन डोळे मिटून दाखवलं.

बाई हसली आणि तिनेही तेच केलं. पुष्कळ वर्षांपूर्वी ही दोघं इथे आली होती, तरुण असताना. मोडक्यातोडक्या बोलण्यातून आणि हातवाऱ्यांतून नाकाड्यांना एवढं कळलं, की ती मोठ्या दुकानात जाऊन आली होती, तिथल्या मुलीने यंत्रही दाखवलं होतं. पण बाई म्हणाली होती, आम्हाला तो नाकवाला माणूस हवा. नवऱ्याचा गुडघा आता फार दिवस साथ देणार नव्हता. पुन्हा येणं होईल असं दिसत नव्हतं. दोन सिलिंडर द्या, बस्स.

नाकाड्यांनी मशीनकडे बोट दाखवलं, मान हलवली. बाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या त्या दोन सिलिंडरांकडे गेलं. बायकोने हुंगलेले. गळ्याशी खडूचे गोल. हे तर द्यायला काहीच हरकत नव्हती. त्यात खोटं काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं, आणि ते स्वतः सिलिंडर उचलून बाहेर घेऊन आले.

बाईने हात जोडल्यासारखं करून तळहात पुढे केला. आमच्यासमोर एकदा हुंगा ना.

आता आली पंचाईत. पण नाकाड्यांनी विचार केला, हुंगलेल्याला पुन्हा हुंगलं तर काय बिघडतं? त्यांनी चावी केसभर उघडली. तळहाताला गार हवा लागली. डोळे मिटले, वाकले, एकदा, मग पुन्हा एकदा. आणि मान डोलावली. म्हातारा-म्हातारीने टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाल्यानेही वाजवल्या. नाकाड्यांना लाज वाटली, पण थोडीच. फार करून बायकोचं श्रेय आपण घेतलं असं वाटावं, तेवढीच.

बोटवाला दोघांना घेऊन गेला. नाकाडे खुर्चीत बसले आणि फोन वाजला. लेक होती. बाळ बरं आहे, दूध पितं, झोपत नाही, सगळं सांगून झालं. मग ती हसायला लागली.

"बाबा, आईची कमाल ऐका. बाळाने अख्खं दुपटं भरवलं, खोलीत बसवेना, शेजारीण नाकाला पदर लावून पळाली. आणि आई आपली त्याला मांडीवर घेऊन गाणं म्हणतेय! मी म्हटलं, अगं आई, नाक कुठे ठेवून आलीस? तर म्हणे, तुझ्या बाबांकडे."

नाकाडे हसले नाहीत.

"तिला डॉक्टरकडे न्यायला हवं हो बाबा. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, त्या तापापासून तिला कशाचाच वास येत नाही म्हणून. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," नाकाडे म्हणाले. "ठेवतो मी."

चपला घालायचं भान त्यांना राहिलं नाही. बोळातून, हमरस्त्यावरून, मोठ्या दुकानाच्या काचांसमोरून ते धावत धक्क्यावर गेले. बोट बुडालेल्या जहाजापाशी पोहोचली होती, दूरवर ठिपका दिसत होता. बोटवाल्याला फोन लावला. तिथे फोन लागत नसतो हे त्यांना जन्मापासून माहीत होतं, तरी लावत राहिले. धक्क्यावर दुसरी एकच बोट होती आणि तिचं इंजिन उघडून पसरलेलं होतं. तिचा मालक म्हणाला, "काय नाकाडे, आग लागली का?" काय सांगणार होते? की मी वर्षभर तुम्हा सगळ्यांना न हुंगलेली हवा दिली?

ते कठड्याला धरून उभे राहिले. हे दोन सिलिंडर भरले त्या दिवशी बोळात ट्रक उभा होता का? इस्त्रीवाल्याच्या शेजारचं बिऱ्हाड हललं, तो ट्रक. तो त्याच दिवशी होता की आदल्या दिवशी? त्याचं इंजिन चालू होतं का? आठवेना. त्यांनी डोक्याला ताण देऊन देऊन बघितलं, पण माणूस ज्याची चिंता दुसऱ्यावर सोपवतो ते त्याच्या लक्षात राहत नाही. मग त्यांना तो ओकलेला तरुण आठवला. त्याच्यानंतरचे सगळे आठवायला लागले, शाळेतल्या मास्तरांची जोडी, नवीन लग्न झालेली दोघं, बापाबरोबर आलेली मुलगी. सगळे हसत खाली गेले होते, त्यांच्या खडूच्या भरवशावर. नाकाडे उभ्या आयुष्यात इतके घाबरले नव्हते. समुद्राला नाही, वादळाला नाही, तापाला नाही.

ठिपका मोठा झाला. बोटीत डोकी किती हे दिसायच्या आधीच त्यांनी मोजायला सुरुवात केली होती. बाई दिसली, हात हलवत होती. नवरा तिच्या शेजारी बसला होता, वाकून. पण धक्क्याला लागल्यावर तोही उठला, गुडघा सांभाळत वर आला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. जहाज तसंच आहे, तो म्हणत होता, बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याने कपाळाला हात लावून तोंड वाकडं केलं. डोकं जरा जड आहे. फार दिवसांनी गेलो ना.

फार दिवसांनी गेल्यामुळे, की हवेमुळे? नाकाड्यांनी झडप घालून त्याचा सिलिंडर घेतला. तळाशी थोडी हवा उरली होती. ती त्यांनी बोटवाल्याच्या नाकापुढे सोडली. "जरा हुंग."

"मी?" बोटवाला हसला. "तुम्ही मला हुंगायला सांगताय?"

"हुंग म्हणतो ना!"

बोटवाल्याने हुंगलं. "काहीतरी आहे... रबर? का तेल?" त्याने पुन्हा हुंगलं आणि आपला हात हुंगला. "नाही हो, माझ्याच हाताला डिझेल आहे. मला काय कळतंय त्यातलं." तेवढ्यात हवा संपली.

नाकाडे बाईकडे वळले. आता सांगून टाकायचंच, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी आपल्या नाकावर बोट ठेवलं आणि दुसरा हात आडवा हलवला. नाक नाही. गेलं. पण पाण्याखाली जाणाऱ्यांची हातांची एक भाषा असते आणि तिच्यात नाकाकानाकडे बोट करून हात हलवला, की त्याचा एकच अर्थ होतो. चोंदलंय, दाब सोसत नाही, मी खाली येऊ शकत नाही. बाईला एकदम कळवळा आला. तिने पिशवी उपसली आणि नाकात घालायच्या थेंबांची एक बाटली त्यांच्या मुठीत कोंबली. रोज तीनदा, असं बोटांनी सांगितलं. आणि उद्या सकाळी पुन्हा येतो, दोन सिलिंडर, तुमच्याच हातचे.

घरी येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला. लेकीने तिला सांगितलं असणार.

"कधीपासून?" नाकाड्यांनी विचारलं.

"तुमच्या आधीपासून. ताप आधी मलाच आला होता."

"मग ते रॉकेल?"

"डबा दिसत होता की मला."

"आणि वर्षभर?"

"मला वाटायचं, येईल परत," ती म्हणाली. "रोज वाटायचं. आज नाही आला, उद्या येईल, आणि आला की खरंच हुंगीन. तुम्ही जमिनीवर बसला होतात अहो, लहान मुलासारखे. माझ्या तोंडून निघून गेलं. मग परत कसं घेणार?"

"कुणी मेलं असतं."

"माहीत आहे मला." ती रडत होती. "प्रत्येक बोट परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी येऊ का?"

नाकाड्यांना तिचा संताप आला होता आणि तिची दयाही आली होती, दोन्ही एकदम. ते म्हणाले, "नको. बाळाजवळ राहा."

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि नाकाडे बाहेर पायरीवर बसले होते. त्यांनी बाईची पिशवी उचलली आणि चालू लागले. हमरस्त्यावरच्या त्या काचेच्या दारासमोर येऊन थांबले आणि आत बोट दाखवलं. आजवर त्यांनी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. बाई गोंधळली, पण त्यांच्या मागोमाग आत गेली.

काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "अय्या, नाकाडेकाका! तुम्ही आमच्याकडे?" आतून दोघंतिघं पोरं बघायला आली. सिलिंडर भरले गेले, यंत्रावर आकडे आले, मुलीने ते वाचून दाखवले. झालं, आता हे सुखरूप जातील, असं म्हणून नाकाडे वळणार, तेवढ्यात बाईने त्यांची बाही धरली. थेंबांनी बरं वाटलं ना, असं तिने नाकाला बोट लावून विचारलं. मग सिलिंडर त्यांच्यासमोर धरून चावी केसभर उघडली. यंत्राचं ठीक आहे, पण तुम्ही सांगा.

"हुंगा ना काका!" मुलगी म्हणाली. "आम्ही नुसतं ऐकलंय. आज बघू तरी."

सगळे गोळा झाले होते. हवा फुसफुसत होती. नाकाड्यांना वाटलं, हीच वेळ. इथे सगळे आहेत, एकदाच सांगायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांनी मान ताठ केली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "मला वास येत नाही."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मुलीने वळून बाईला तिच्या भाषेत सांगितलं, वास नाही म्हणतायत, एकदम स्वच्छ. बाईने नवऱ्याचा हात दाबला.

"अगं, तसं नाही," नाकाडे म्हणाले. "मला वासच येत नाही. कसलाच येत नाही."

"तेच तर!" मुलगी खुशीत म्हणाली. "मालकांना सांगते मी. म्हणावं, नाकाड्यांनी पास केलं आपलं मशीन. काका, रोज सकाळी येत जा ना तुम्ही. नुसतं उभं राहायचं आणि हुंगायचं. लोकांना किती बरं वाटतं बघा."

नाकाड्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पण मुलं सिलिंडर घेऊन निघालीही होती, जोडपं हात हलवत त्यांच्यामागे गेलं होतं, आणि मुलगी फोनवर मालकांशी बोलत होती.

दुपारी बायकोचा फोन आला. "सांगितलंत?"

"सांगितलं. भर दुकानात, सगळ्यांसमोर."

"मग? काय म्हणाले?"

"उद्यापासून बोलावलंय. हुंगायला."

ती हसली नाही. पलीकडे बाळ रडत होतं, लेक त्याला उचलून घेत असल्याचा आवाज आला.

"जाणार तुम्ही?" तिने विचारलं.

"जाईन," नाकाडे म्हणाले. "दुसरं येतंय काय मला?"